हलकी पुडी

आमच्या गावात निवडणूक संपली की कोण निवडून आलं यापेक्षा बंदुका कधी सुटतात याची लोकांना जास्त घाई असते. गावात सहा म्हाताऱ्यांकडे परवान्याची ठासणीची बंदूक आहे. आदिलाबादच्या जंगलपट्ट्यात पिकात रानडुकरं शिरतात, त्यांना बार काढून हाकलायला म्हणून मिळालेली. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची आणि सगळं आटोपलं की पावती दाखवून घरी आणायची. विधानसभा झाली की लोकसभा, लोकसभा झाली की पंचायत. आचारसंहिता बंदुकीला आहे, डुकराला नाही, त्यामुळे तेवढे दिवस डुकरांचंच राज्य.

बंदुका सुटल्या की पुढच्या रविवारी सकाळी तळ्याखालच्या पडीत जमिनीवर ‘मडकं’ होतं. म्हणायला कारण असं, की इतके दिवस ठाण्यात पडून बंदूक नीट आहे का ते पाहायचं. खरं कारण, सहा म्हाताऱ्यांना लहान पोरांसारखं खेळायचं असतं. ज्यानं त्यानं आपल्या घरून मडकं आणायचं. सगळी मडकी बांधाला लागून दगडांवर ओळीनं मांडायची आणि सुरुवातीलाच त्यांत निळीचं पाणी भरून ठेवायचं, म्हणजे एक छर्रा जरी लागला तरी निळी धार दिसते आणि कोणाला खोटं बोलता येत नाही. चाळीस पावलांवर काठीनं रेघ. एकेक बार. ज्याचा परवाना जुना त्याचा नंबर आधी. ज्याचं मडकं शाबूत राहील त्यानं बाकीच्यांना भजी खाऊ घालायची. नियम एवढेच, पण त्यावर वाद घालायला यांना आख्खा दिवस पुरत नाही.

पहिला नंबर नेहमी पेशकार साहेबांचा. तहसीलमध्ये पेशकार होते, रिटायर होऊन जमाना झाला तरी गाव त्यांना त्याच नावानं हाक मारतं आणि तेही घरच्या भाजीचासुद्धा सरकारी तपासणीसारखा मुआयना करतात. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या बंदूक. ते मडकी दोन आणतात. एक ऐनवेळी फुटकं निघालं तर तहकुबी नको म्हणून.

शेवटचा नंबर माझ्या बाबांचा. बाबा तरुणपणी याच पेशकारांच्या वडिलांकडे सालदार होते. पुढे स्वतःचं वावर झालं, त्यात डुकरं शिरली आणि बाबांनी परवान्यासाठी अर्ज केला. बौद्धवाड्यातली ती पहिली बंदूक. बाबा पहिल्यांदा त्या रेघेवर उभे राहिले तेव्हा पेशकारांचे वडील ‘उन्ह लागतं’ म्हणून आलेच नाहीत. उन्ह त्यांना दरवर्षी लागत होतं, पण त्या वर्षी जरा जास्तच लागलं. बाबांनी त्या दिवशी मडकं फोडलं आणि तेव्हापासून एकदाही चुकवलं नाही. म्हणून ती बंदूक म्हणजे आमच्या घरात नुसती बंदूक नाही. तिला माझ्यापेक्षा जास्त वेळा तेल लागलं आहे, आणि मी हे पोटात दुखतं म्हणून सांगते आहे.

माझंही एक मडकं आहे. मी नववीत असताना बाबांनी मला एकदा बार काढू दिला होता. आमच्या बंदुकीची लाथ अशी, की धडधाकट गडी दोन पावलं मागे जातो. मी एक इंचसुद्धा हलले नाही, आणि मडक्याचे तुकडे. ही गोष्ट मी शाळेत शिकवायला लागल्यापासून प्रत्येक वर्गाला सांगितलेली आहे. मी विज्ञान शिकवते. क्रिया आणि प्रतिक्रिया हा धडा आला की माझं मडकं आलंच. ‘माणसाचा पाय जमिनीत घट्ट पाहिजे’, हे वर.

तर मागच्या वर्षी बाबा खताची पिशवी घेऊन मोपेडवरून बांधावरनं खाली गेले. खत वाचलं. उजव्या बाजूचं गळ्याखालचं हाड मोडलं. आदिलाबादला ऑपरेशन झालं, पट्टी आणि स्क्रू बसले. डॉक्टर तेलुगू, भला माणूस. बाबांनी शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न बंदुकीचा विचारला. डॉक्टरांनी दोन्ही हात जोडले. ‘ताता, तुपाकी वद्दु.’ आजोबा, बंदूक नको. एक दणका बसला तरी पट्टी उखडेल म्हणाले. बाबांना तेलुगू चांगलं येतं, पण त्या दिवशी अजिबात कळलं नाही.

मग निवडणूक लागली. बंदुका जमा करायला सगळे ठाण्यात गेले. मीच बाबांना स्कूटरवर घेऊन गेले होते. बाबांनी डाव्या हातानं बंदूक टेबलावर ठेवली, तर पेशकार साहेब म्हणाले, ‘आता काय उचलता तुमी? कायमची जमा करून टाका न. कायले फेऱ्या मारता?’

ते काळजीनं म्हणाले असतील. पण बाबांना त्यात पेशकारांच्या वडिलांचं उन्ह ऐकू आलं. बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, ‘मडक्याच्या दिवशी पाह्यजा. नाही फुटलं तर दुसऱ्या दिवशी येतो अन् कायमची जमा करतो. शब्द हाय माह्या.’

मी कपाळावर हात मारला. घरी आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता थांबली. ‘फोडलं तर खांदा जाते, नाही फोडलं तर माणूस जाते. ह्या माणसाची बंदूक घेतली तर तो आठ दिवस नाही काढत. तू शिकेल हायेस न? कर मग काईतरी.’

केलं. मी फार शहाणी आहे, त्यामुळे एकाला दोन उपाय केले.

आमच्या बंदुकीत पुढून बारूद भरायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजानं ठासायचं. मागे घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवायची. बाबांची पद्धत अशी, की ऐनवेळी घोळ नको म्हणून बारूद आदल्या दिवशीच बांबूच्या मापानं मोजून कागदाच्या पुडीत बांधून ठेवायची. त्यांचा हात वर होत नव्हता, म्हणून ते काम या वेळी मला सांगितलं. मी माप पूर्ण भरलंच नाही. बारूद कमी तर लाथ कमी, हे मला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नव्हती. पुडी मोठी दिसावी म्हणून कागद जास्त गुंडाळला. सातवीच्या चाचणीचा होता.

पण बारूद कमी तर छर्ऱ्यांचा जोरही कमी. चाळीस पावलांवर जाऊन ते मडक्याला ‘नमस्कार, कसे आहात’ विचारून परत येतील अशी शंका होती. म्हणून दुसरा उपाय. कुंभाराकडे गेले आणि न भाजलेलं कच्चं मडकं मागितलं. नुसतं बोट लागलं तरी तडा जावा असं. तो म्हणाला, ‘कायले पाह्यजे, म्याडम?’ मी म्हटलं, शाळेत प्रयोग आहे. त्यानं बिचाऱ्यानं विश्वास ठेवून दिलं. मी त्यावर गेरू फासला, भाजल्यासारखं लालभडक केलं आणि स्वतःवर इतकी खूश झाले की वाटेत दोनदा थांबून पाहिलं.

रविवारी सगळे जमले. सहा मडकी दगडांवर, पेशकार साहेबांचं सातवं बाजूला पिशवीत. निळीचं पाणी भरलं. पेशकार साहेबांनी रेघ ओढली, उगाच एकदा पुसली आणि परत ओढली. मी आईजवळ उभी होते. बाबांनी पांढरा सदरा घातला होता, इस्त्रीचा. दाढी केली होती. गाल थोडा कापला होता, डाव्या हातानं केली म्हणून.

पेशकार साहेबांचा बार निघाला. मडकं फुटलं, निळं पाणी उडालं, साहेब दोन पावलं मागे आले आणि जसं काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं मिशीवर हात फिरवू लागले. दुसऱ्याचं फुटलं. तिसऱ्याची टोपी दोनदा उडालीच नाही, मग सगळ्यांनी त्याला सल्ले दिले, मग सल्ल्यांवर भांडण झालं, मग चहा आला. चौथ्याचं मडकं शाबूत राहिलं आणि त्यानं ‘वारा होता’ म्हणून दाद मागितली. पानसुद्धा हलत नव्हतं. पाचव्याचं फुटलं. या सगळ्यात बराच वेळ गेला. मी मजेत पाहत होते. एकदाही मला वाटलं नाही की त्या ओळीत सगळ्यात शेवटचं मडकं कच्च्या मातीचं आहे आणि ते मघापासून पाण्यानं भरलेलं आहे. मी आठवीला माती शिकवते. प्रकार, गुणधर्म, पाणी धरून ठेवण्याची क्षमता, सगळं.

बाबांचा नंबर आला. त्यांनी पुडी दातानं फाडली, बारूद ओतली, बोळा, छर्रे, बोळा, गज. सगळं डाव्या हातानं, सावकाश, कोणाची मदत न घेता. टोपी बसवली. रेघेवर उभे राहिले. दस्ता खांद्याला लावला तेव्हा त्यांचा जबडा आवळला गेला ते मला इतक्या लांबून दिसलं. आईनं माझं मनगट धरलं.

बाबांनी नेम धरला आणि मडकं बसलं.

म्हणजे अक्षरशः बसलं. म्हैस बसते तसं, आधी मागून, मग पुढून. बुड दगडावर पसरलं, तोंड एका अंगाला वाकलं, आणि निळं पाणी शांतपणे बांधाखाली वाहत गेलं. त्यानंतर बाबांचा बार निघाला. तोही ‘धडाम्’ नाही. ‘ठप्प.’ सतरंजी झटकावी एवढाच.

दोन-तीन क्षण कोणालाच कळेना काय पाहिलं. मग वाऱ्याचं कारण सांगणारा म्हातारा ओरडला, ‘अरे बापा! मडकं भेवानंच मेलं!’ आणि हशा सुटला. लोक पोट धरून खाली बसले. आई तोंडावर पदर घेऊन हसत होती की रडत होती मला अजून माहीत नाही. एकटे बाबा हसले नाहीत. ते नळीच्या तोंडाकडे पाहत होते.

पेशकार साहेब मुआयन्याला गेले. वाकले, त्या चिखलात बोट घातलं, बोटाला लागलेला गेरू डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग तिथूनच म्हणाले, ‘हे मडकं नोय, हा चिखल हाय. कोणी आणलं?’

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘पुडी कोणं बांधली ते विचारा आधी.’

आता मला राग आला. स्वतःचा, पण तो निघाला सगळ्यांवर. मी रेघेपाशी गेले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. ‘मी बांधली! मीच आणलं मडकं! खांद्यात लोखंड घालून आलेला माणूस शब्द देऊन बसतो अन् तुम्ही सगळे मजा पाहत उभे राहता! एकानं तरी म्हटलं काय, राहू द्या? लाज वाटत नाही काय तुम्हाले? उद्या ती पट्टी उखडली असती तर तुम्ही पाच जण भजी घेऊन येणार होते दवाखान्यात?’ अजून बरंच बोलले. शाळेतला आवाज आहे माझा, तळ्याच्या पलीकडे धुणं धुणाऱ्या बायका उभ्या राहिल्या.

बाबांनी मला संपू दिलं. मग म्हणाले, ‘बार निघाला तवाच कयलं मले. असा आवाज मी ह्या बंदुकीतून एकदा काढेल हाय.’

‘कधी?’

‘तू नववीत होतीस तवा.’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी बाबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आई बांधावरच्या गवताकडे पाहत होती. म्हणजे तिलाही माहीत होतं! इतकी वर्षं! मी मुला-मुलींच्या किती वर्गांना पाय घट्ट रोवून दाखवला असेल, त्यातली दोन-तीन पोरं आता स्वतः मास्तर आहेत आणि पुढे काय शिकवत असतील देव जाणे, आणि मी एक इंच हलले नव्हते कारण माझ्या बापानं पुडीत बारूद घातलीच नव्हती नीट. ‘तुमी मले सांगतलं काऊन नाही?’ मी ओरडले. बाबा म्हणाले, ‘तू किती खूश होतीस.’ मला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि तीच बंदूक त्यांच्या डोक्यात घालावीशीही वाटली.

पण हसणं थांबलं होतं, कारण बाबा बंदुकीचा पट्टा गुंडाळायला लागले होते. ‘पेशकार साहेब,’ ते म्हणाले, ‘मडकं माह्या छर्ऱ्यानं नाही फुटलं. उद्या सकाळी जमा करतो.’

कोणी ‘राहू द्या’ म्हटलं नाही. शब्द दिलेला होता. बाबांनी पट्टा एका हातानं गुंडाळायचा प्रयत्न केला, तो सुटला, परत गुंडाळला. खांदा वाचवायला गेले आणि माणूसच घालवला मी. इस्त्रीचा सदरा घालून आलेला माझा बाप सगळ्यांसमोर चिखलावर हरला होता, आणि तो चिखल मी आणला होता.

पेशकार साहेब बांधावरून परत येत होते. येता येता सदऱ्याची बटणं काढायला लागले. मला वाटलं यांना आता खरंच उन्ह लागलं. बाबांसमोर येऊन त्यांनी सदरा उजव्या खांद्यावरून खाली ओढला. खांदा आताच लाल झालेला, आणि त्याखाली जुने काळपट डाग.

‘दर निवडणुकीले आठ दिवस बायको गरम पाण्यानं शेकते,’ ते म्हणाले. ‘रात्री या कुशीवर झोपता येत नाही. माह्या बापालेबी येत नव्हतं. कोणाले सांगता?’ मग सदरा वर घेत आवाज खाली आणून विचारलं, ‘ती हलकी पुडी... अजून एखादी हाय काय?’

बाबांच्या हातातला पट्टा थांबला. मागून वाऱ्यावाला म्हणाला, ‘मलेबी पाह्यजे.’ तिसरा म्हणाला, त्याच्या मानेत कळ येते. पाचवा नुसता उजवा हात वर करून दाखवू लागला आणि तो कानाच्या वर गेलाच नाही. ही सहा माणसं, वर्षानुवर्षं एकमेकांसमोर मिशा पिळत खांदे फोडून घेत होती आणि घरी जाऊन बायकांच्या जिवावर कण्हत होती! मूर्ख, मूर्ख माणसं!

बाबा मात्र शब्दाला धरून. ‘पण चाळीस पावलांवरून नाही फुटत त्यानं.’

‘चाळीस पावलं कोणं लिहिली हायेत?’ पेशकार साहेबांनी विचारलं. ‘कागद दाखवा. शब्द मडक्याचा होता. मडक्याच्या दिवशी, एवढंच म्हटलं तुमी, मी हजर होतो. दिवस अजून बुडाला नाही.’ त्यांनी काठी उचलली, जुनी रेघ पायानं पुसली, मडक्यांच्या दिशेनं चालत गेले, निम्म्याहून पुढे जाऊन नवी रेघ ओढली. मग पिशवीतलं सातवं मडकं स्वतः नेऊन दगडावर ठेवलं. वाजवून पाहिलं. खणखणीत भाजलेलं होतं.

त्यात निळीचं पाणी आईनं ओतलं. बारूद बाबांनी स्वतः घेतली. सगळ्यांदेखत माप अर्धवट भरलं, माझ्याकडे वर धरलं आणि विचारलं, ‘बरोबर हाय काय, मास्तरीणबाई?’ मी मान हलवली. बाबा नव्या रेघेवर उभे राहिले आणि नेम धरला. पुन्हा ‘ठप्प’. खांदा जागचा हलला नाही. मडक्याचा वरचा अर्धा भाग गेला आणि निळं पाणी पेशकार साहेबांच्या धोतरावर उडालं, कारण ते मुआयन्यासाठी नको तितके जवळ उभे होते. बाबा हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा, दात दिसेपर्यंत. आई डोळे पुसत म्हणाली, ‘झालं एकदाचं बापा.’

बंदूक दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेली नाही. रेघ आता तिथंच आहे, जुनी कुठे होती हे कोणी बोलत नाही.

परत येताना आई बायकांबरोबर पायी निघाली आणि बाबा माझ्या स्कूटरवर मागे बसले, रिकामी बंदूक दोघांच्या मध्ये. अर्धी वाट सरली. मग राहवेना. नववीतल्या मडक्याच्या तुकड्यांवरचा रंग मला अजून आठवत होता. जरा जास्तच लाल होता.

‘बाबा,’ मी म्हटलं, ‘माझं ते मडकं तरी भाजलेलं होतं ना?’

बाबांनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

‘समोर पाह्य,’ ते म्हणाले. ‘खड्डा हाय.’